लवचिक जागेचे कडक नियम

ऑफिसची इमारत उभी राहायच्या कितीतरी आधी तिच्यातली एक जागा अगदी तयार असते, ती म्हणजे माहितीपत्रकातला 'मल्टिपर्पज ॲमिनिटी झोन'. संगणकावर काढलेल्या त्या चित्रात रुंद लाकडी पायऱ्यांवर सोनेरी केसांची एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली असते. मागे दोघं टेबल टेनिस खेळत असतात. कोपऱ्यात एक दाढीवाला गिटार वाजवत असतो आणि त्याच्यापासून चार फुटांवर सहा जणांची मीटिंग चालू असते. त्या सहांना गिटारचा काडीचाही त्रास होत नसतो. खराडीत किंवा ठाण्यात होऊ घातलेल्या इमारतीत ही मंडळी नेमकी कुठून येणार, असं कुणी विचारत नाही. आणि त्या चित्रात कुणाच्याही हातात डबा नसतो, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरं म्हणजे या जागेमागचा हिशेब शहाणपणाचा आहे. एका इमारतीत दहा-बारा कंपन्या असतात. प्रत्येकीला वर्षातून दोन-चारदा सगळी माणसं एकत्र बसवायची असतात. तेवढ्यासाठी प्रत्येकीने शंभर खुर्च्यांचा हॉल वर्षभर भाड्याने पोसायचा, यात काही अर्थ नाही. म्हणून मालक सगळ्यांसाठी मिळून एकच हॉल बांधतो : सकाळी योगवर्ग, दुपारी जेवण, संध्याकाळी सभा. पैसे अर्थातच सगळ्यांचे. ऑफिसचं भाडं नुसत्या कार्पेट एरियाचं नसतं; लॉबी, लिफ्ट, जिने, पॅसेज आणि असले हॉल यांचा वाटा त्याच्यावर चढतो. बाजारात त्याला 'लोडिंग' म्हणतात. वर सामाईक जागांच्या देखभालीचा 'कॅम' येतो आणि त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे त्या गिटारवाल्याला बसायला दिलेल्या कोपऱ्याचं भाडं प्रत्येक भाडेकरू दरमहा भरत असतो.

पूर्वीच्या मालकांना निदान एवढं तरी ठाऊक होतं, की जागा कुणासाठी आहे. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीत १९३० साली ६६, ६७ आणि ६८ या तीन मजल्यांवर 'क्लाउड क्लब' सुरू झाला. टेक्साको ही तेलकंपनी त्या इमारतीतली बडी भाडेकरू. तिच्या साहेबांना जेवायला मानाची जागा हवी होती, ती मालकाने ढगांत काढून दिली. जेवणाचे दालन होते, केस कापायची सोय होती, आणि दारूबंदीचा काळ असल्यामुळे सभासदांना आपापल्या बाटल्या ठेवायला कपाटं होती. कपाटांवर नावांऐवजी सांकेतिक चित्रं कोरलेली. भाडेकरूची गरज ओळखून सोय करणं म्हणजे काय, याचा इतका प्रामाणिक नमुना सापडायचा नाही. टेक्साकोने शहराबाहेर बिऱ्हाड हलवलं आणि १९७९मध्ये क्लब बंद पडला. साहेबांच्या तीन मजल्यांचा दुसरा काही उपयोग करायचं कुणाला पटकन सुचलं नाही, कारण त्या जागेला लवचिक वगैरे व्हायची सवयच नव्हती.

आता सगळ्यांना लवचिक जागा हवी असते. पण नेमकी कुणासाठी, हे मात्र कुणी सांगत नाही.

आपल्याकडे एखाद्या सात मजली इमारतीत दुपारी एकला काय होतं ते पाहावं. पहिल्या मजल्यावर विम्याची शाखा, चौथ्यावर चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, पाचव्या-सहाव्यावर सॉफ्टवेअरवाले आणि सातव्यावर अमेरिकेच्या घड्याळावर चालणारं कॉल सेंटर. एक वाजला की लिफ्टची दारं उघडतात आणि डबे उतरू लागतात. स्टीलचे, काचेचे, टप्परवेअरचे, आईने दिलेले, आणि डब्याच्या बाईकडून आलेले. हॉलमध्ये ज्या वस्तू मांडलेल्या असतात त्या अशा : सहा बीनबॅग, दोन उंच बार टेबलं, त्या लाकडी पायऱ्या आणि एक टेबल टेनिसचं टेबल.

बीनबॅगमध्ये बसता येतं, पण हातात डबा घेऊन बसता येत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्यातून कुणाचा हात धरल्याशिवाय उठताही येत नाही. विमा शाखेतले वरिष्ठ साहेब त्यात एकदा बसतात, खालच्या हुद्द्याच्या दोन माणसांच्या मदतीने उठतात आणि त्यानंतर जेवण आपल्या टेबलावरच करतात. पायऱ्यांवर साडी सावरत बसून आमटी खाणं ही वेगळीच कसरत आहे. पायरी बसण्यासाठी की चढण्यासाठी याचा निर्णय न झाल्यामुळे वरून येणारा माणूस कुणाच्या तरी कोशिंबिरीतून वाट काढत असतो. उंच टेबलाशी उभं राहून पोळी-भाजी खायची तर ती लग्नातल्या बुफेत शोभते, रोज नाही.

उरतं ते टेबल टेनिसचं टेबल. त्याची लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर आणि उंची ७६ सेंटिमीटर. ही मापं आंतरराष्ट्रीय नियमांत बसवलेली आहेत, पण ७६ सेंटिमीटर म्हणजे जेवायच्या टेबलाची उंची, हा योगायोग इमारतीतल्या बायकांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात येतो. जाळी काढली की बारा जण आरामात बसतात. जाळी ठेवली तर शाकाहारी एका बाजूला आणि सुकट-बोंबील दुसऱ्या बाजूला, अशी सोयिस्कर वाटणीही होते. पुढे याच टेबलावर दिवाळीत बचत गटाच्या चकल्या-कडबोळ्या विकायला मांडल्या जातात, रक्तदान शिबिरात नावनोंदणी होते, गणपतीत त्याच्यावर पांढरी चादर पसरून प्रसादाची पातेली ठेवतात आणि जुलै महिन्यात चौथ्या मजल्यावरचे अकाउंटंट रात्री त्याच्यावर लोकांची रिटर्न पसरतात. सगळ्या आराखड्यात खरोखर बहुउद्देशीय अशी ही एकच वस्तू निघते, आणि ती आणलेली असते फक्त खेळायला.

डिझायनरच्या सादरीकरणात एक शब्द हमखास येतो, 'कोलॅबोरेशन'. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं इथे भेटतील, बोलतील, त्यांना कल्पना सुचतील. मोकळी जागा केली की माणसं बोलतात, हे गृहीतच. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोन संशोधकांनी मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या मुख्यालयांत हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं. भिंती काढून खुलं ऑफिस केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि लोक एकमेकांना ईमेल पाठवू लागले, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसवलेला माणूस कानांत इअरफोन घालून घेतो, हे सांगायला खरं तर संशोधक लागू नये.

माणसं बोलतात ती मायक्रोवेव्हच्या रांगेत. तिथलं गणितही कुणी तरी आराखडा काढण्याआधी करायला हवं. एक डबा गरम व्हायला दोन मिनिटं धरली, तर तासाभरात एका मायक्रोवेव्हमधून तीस डबे निघतात. इमारतीत तीनशे डबे येत असतील तर दहा मायक्रोवेव्ह लागतील. बसवलेले असतात दोन, त्यातल्या एकावर 'नादुरुस्त' असा कागद. मग रांगेत वीस मिनिटं उभे राहिलेले विमावाले आणि सॉफ्टवेअरवाले एकमेकांशी बोलणार नाहीत तर काय करतील? मुदतीच्या विम्याच्या निम्म्या पॉलिसी त्या रांगेतच खपतात म्हणे. कोलॅबोरेशन याहून वेगळं काय असतं ते डिझायनरने सांगावं.

लवचिकपणाचं दुसरं मोठं प्रतीक म्हणजे सरकती भिंत. हॉलच्या मधोमध रुळावर चालणाऱ्या घडीच्या फळ्या; उघडल्या की एक मोठा हॉल, लावल्या की दोन खोल्या. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर ती एकदा उघडून, एकदा लावून दाखवतात. त्यानंतर ती ज्या स्थितीत राहिली त्या स्थितीत पुढची दहा वर्षं राहते. रूळ साफ करायचा कुणी, हँडल कुणाकडे, आणि ढकलायला दोन माणसं आणायची कुठून, हे ठरलेलं नसतं. लावलेली असेल तर आणखी गंमत. फळ्यांमधून आवाज जात नाही, हे कंपनीच्या प्रमाणपत्रात खरंच असतं. पण फळ्या थांबतात फॉल्स सीलिंगपाशी, आणि छताच्या स्लॅबपर्यंतची वरची पोकळी बंद करायचे पैसे कुणीतरी वाचवलेले असतात. आवाज सीलिंगवरून उडी मारून पलीकडे जातो. अलीकडे एका मुलाला नोकरीवरून का काढतोय हे एचआरच्या मॅडम हळू आवाजात समजावत असतात आणि पलीकडे झुंबावाला ओरडत असतो, 'कमॉन, एंजॉय!' एसीचा थर्मोस्टॅट दोन खोल्यांना मिळून एकच असतो. तो झुंबाच्या बाजूला असतो, म्हणून काढून टाकलेला मुलगा वर थंडीने कुडकुडतो.

हलवता येणारी भिंत कुणी हलवत नाही, हे अमेरिकेने फार पूर्वी अनुभवलं आहे. रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ साली 'ॲक्शन ऑफिस'ची दुसरी आवृत्ती आणली. हव्या तशा जोडायच्या हलक्या फळ्या, कामाप्रमाणे बदलणारी मांडणी, ऐसपैस कोन. माणसाला बंदिस्तपणातून सोडवावं, हा त्याचा हेतू. कंपन्यांनी त्या फळ्या घेतल्या, काटकोनात जोडल्या, त्यात मावतील तितकी माणसं कोंबली आणि जगाला क्युबिकल मिळालं. उतारवयात प्रॉप्स्टने स्वतःच या खुराड्यांना नावं ठेवली. फळ्या हलण्याजोग्या होत्या, पण त्या हलवायचा अधिकार आत बसलेल्या माणसाला कुणी दिला नव्हता.

अधिकार खुर्चीतही असतो. न्यूयॉर्कमध्ये १९६१च्या नियमांनी बिल्डरांना एक आमिष दाखवलं : इमारतीपुढे लोकांसाठी एक चौरस फूट चौक मोकळा सोडा, बदल्यात दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम घ्या. बिल्डरांनी चौक सोडले आणि लोक त्यांत फिरकेनात. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी कॅमेरे लावून याचं कारण शोधलं. निष्कर्ष ऐकून हसू येतं : लोक बसतात तिथे, जिथे बसायला जागा असते. आणि सगळ्यांत लाडकी ती सुटी खुर्ची. त्यांच्या चित्रणात माणसं खुर्चीशी येतात, ती चार-सहा इंच इकडे किंवा तिकडे सरकवतात आणि मग बसतात. ऊन तेच, सावली तीच, शेजारीही तोच. सरकवण्याने फरक काहीच पडत नाही. आपल्याला सरकवता आली, एवढंच समाधान. व्हाइटचं पुस्तक १९८०मध्ये आलं. त्याच्या निरीक्षणांवरून नियम १९७५मध्येच सुधारले होते, आणि चौक सोडणाऱ्याला बसण्याची सोय ठरावीक मापाने करणं भाग पडलं.

याच्या अगदी उलट टोक वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने गाठलं होतं. बफेलोच्या लार्किन कंपनीसाठी १९०६मध्ये पुऱ्या केलेल्या त्याच्या इमारतीत भोजनगृह होतं, वाचनालय होतं, मधल्या उंच चौकात ऑर्गन होता आणि भिंतींवर सद्गुणांची नावं कोरलेली होती. मात्र काही टेबलांना त्याने खुर्ची कायमची जोडून टाकली. ती आडव्या दांड्यावर आत-बाहेर वळे, बाकी तिला स्वातंत्र्य नाही. झाडूवाल्याला सोयीचं. सद्गुणांची वाढ करायला मुभा होती, खुर्ची सरकवायला नव्हती.

सुट्या खुर्च्या घेतल्या तर त्या ठेवायच्या कुठे? इथे बहुतेक आराखडे तोंडघशी पडतात. शंभर खुर्च्या, वीस घडीची टेबलं, योगाच्या चटया, पोडियम, ध्वनियंत्रणा, गणपतीचं मखर. या सगळ्याला एक बऱ्यापैकी मोठी खोली लागते आणि चित्रात ती कधीच नसते, कारण बंद दाराचं चित्र सुंदर दिसत नाही. मग खुर्च्या जिन्यात जातात. जिना भरला की रेफ्यूज एरियात. आग लागली तर माणसांनी थांबायची ही राखीव जागा. राष्ट्रीय बांधकाम संहिता तिचा हिशेब दर माणशी ०.३ चौरस मीटर धरते, म्हणजे उभं राहण्यापुरता तुकडा. त्यात आधी उभ्या असतात खुर्च्या. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाला आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. म्हणून वर्षातून दोनदा जिना अचानक मोकळा होतो, हॉलमध्ये खुर्च्यांचे मनोरे दिसतात, आणि 'आज योगवर्ग नाही' असा फलक लागतो. फेब्रुवारीत सगळं पूर्ववत.

एका सोयीबद्दल मात्र विनोद करवत नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे, हेही त्यात आलं. ही सोय प्रत्येकाने वेगळी केली पाहिजे असं नाही, सामाईक केलेली चालते, असं कायदाच म्हणतो. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही शंभर कामगारांच्या आस्थापनेला कॅन्टीनची अट आहे आणि अनेक आस्थापनांना मिळून एक कॅन्टीन चालवायची मुभा आहे. दहा भाडेकरूंच्या इमारतीत एका चांगल्या हॉलने काय साधावं, हे कुठल्याही डिझायनरपेक्षा विधिमंडळाने आणि संसदेने अधिक नेमकं सांगून ठेवलेलं आहे : जेवायला जागा आणि मुलांना ठेवायला जागा. तरीही नव्या इमारतींच्या जाहिरातीत 'नॅप पॉड' अग्रभागी असतात. तिशीच्या पुरुषाला दुपारी झोपायला कोष मिळतो, दीड वर्षाच्या पोराला नाही.

आता जिथे हे सगळं वर्षानुवर्षं जमतंय तिकडे पाहू. पुण्यातलं कुठलंही जुनं मंगल कार्यालय घ्या. सकाळी आठला मुंज, बाराला पंगत, चारला हॉल रिकामा, सातला दुसऱ्याच कुटुंबाचं रिसेप्शन. दुसऱ्या दिवशी साखरपुडा, रविवारी साड्यांचा सेल, निवडणुकीच्या मोसमात उमेदवाराचा मेळावा. तिथे बीनबॅग नाही, सरकती भिंत नाही आणि 'ॲमिनिटी' हा शब्दही नाही. पण कोठी आहे! खुर्च्या, ताटं, पातेली, सतरंज्या, सगळ्याला कुलपाची खोली आहे. मुदपाकखान्याला वेगळं दार आहे, म्हणजे मुंजीच्या नातेवाइकांतून आमटीची पातेली नाचत जात नाहीत. वरपक्षाची खोली आणि वधूपक्षाची खोली वेगळी, म्हणजे दोन गटांनी एकमेकांविषयी मोकळेपणाने बोलावं. आणि मुख्य म्हणजे तिथे व्यवस्थापक आहेत.

हे व्यवस्थापक हसत नाहीत. त्यांच्या टेबलामागे नियमांचा फलक असतो : हॉल दिलेल्या वेळेतच सोडावा, भांडी मोजून घ्यावीत व मोजून द्यावीत, अक्षता बेताने टाकाव्यात, अनामत रक्कम हिशेबानंतर परत मिळेल. चार वाजून पाच मिनिटांनी ते हॉलचे पंखे बंद करतात, आणि वराच्या मामालाही त्यावर काही बोलता येत नाही. हा कडकपणा आहे म्हणूनच एकाच हॉलमध्ये दिवसाला तीन समारंभ होतात. ऑफिसच्या इमारतीत ते तीन मिळून एक होत नाही, कारण तिथे व्यवस्थापकाऐवजी ॲप असतं. ॲपवर हॉल शुक्रवारी तीन ते पाच 'बुक्ड' दाखवतो. प्रत्यक्षात आत कुणी नसतं, कारण ज्याने बुक केला त्याची मीटिंग रद्द झालेली असते आणि ॲपला अनामत रक्कम जप्त करता येत नाही. दाराला कुलूप. किल्ली सिक्युरिटीकडे, सिक्युरिटीवाला म्हणतो ॲडमिनला विचारा, ॲडमिन म्हणतात फॅसिलिटीला मेल टाका, आणि फॅसिलिटीचा माणूस तीन इमारती मिळून एक असल्यामुळे त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत असतो. तोवर मंडळी खाली टपरीवर जाऊन मीटिंग उरकून येतात. टपरीवाल्याकडे चार प्लॅस्टिकची स्टुलं असतात, सगळी सुटी.

वीवर्क या कंपनीने हीच सामाईक जागा जगभर विकली. बिअरचे नळ लावले. जानेवारी २०१९मध्ये तिची किंमत ४७ अब्ज डॉलर ठरवली गेली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. दीर्घ मुदतीने जागा घ्यायची आणि थोड्या थोड्या मुदतीने द्यायची, या हिशेबातली खोट बिअरने भरून निघाली नाही. मंगल कार्यालयं मात्र आजही अनामत घेऊन चालू आहेत.

तेव्हा ज्या वाचकांवर ऑफिससाठी जागा पाहायची पाळी येणार असेल त्यांनी माहितीपत्रकातली गिटार बाजूला ठेवून मालकाला काही प्रश्न जरूर विचारावेत. खुर्च्या ठेवायची खोली नकाशावर कुठे आहे? संध्याकाळी सातनंतर हॉलचा एसी चालू ठेवला तर ताशी किती आणि कुणाच्या नावावर? मायक्रोवेव्ह किती, आणि त्यांचे प्लग एकाच सर्किटवर आहेत का? पाळणाघर याच इमारतीत की 'लवकरच'? हॉलची किल्ली कोणाकडे, आणि तो माणूस दिवसभर याच इमारतीत बसतो का? शेवटच्या प्रश्नाला मालक ॲपचं नाव सांगू लागला, तर भाडं थोडं कमी करून मागावं. हॉल आपल्याला मिळणार नाही, निदान त्याचं लोडिंग तरी वाचेल.